दाजींची अमेरिकन आणि माझी जर्मन

भोरात त्या काळी मोटारी बोटांवर मोजण्याइतक्या, आणि त्यांतल्या दोन आमच्या घरच्या. घरच्या म्हणजे मालकीच्या नव्हेत. मालकी आमच्या इनामदारांची. पण एक चालवायचे माझे दाजी, म्हणजे थोरल्या बहिणीचे यजमान, आणि दुसरी चालवायचो मी. राहायला मी आक्काकडेच. दोन्ही ड्रायव्हर एकाच चुलीवरची भाकरी खाणार, तेव्हा त्या मोटारींना ‘आमच्या’ म्हणताना माझी जीभ कधी अडखळली नाही. अडखळायला हवी होती अशा इतर बऱ्याच ठिकाणीही ती अडखळली नाही, आणि त्यापायी जे झालं ते सांगतो.

दाजींकडे अमेरिकन गाडी होती, माझ्याकडे जर्मन. दुसरी लढाई पेटायच्या आधीची ही वर्षं. जर्मन म्हटल्यावर तेव्हा कुणी दचकत नसे. दचकायची ती आक्का, कारण मी ताटावर बसून ‘जर्मन’ एवढं म्हणालो की दाजींचा हातातला घास खाली यायचा आणि वाढलेली आमटी गार व्हायची.

दोन्ही इंजिनं आठ-आठ सिलिंडरची, एका ओळीत उभी. बॉनेट उघडून बघणाऱ्याला वाटावं, बहिणी-बहिणी आहेत. स्वभाव मात्र दोन टोकांचे. अमेरिकन म्हणजे भरल्या घरची थोरली सून. पोट मोठं, घाई कशाचीच नाही. झडपा सिलिंडरच्या कुशीला लावलेल्या, सगळा कारभार सुटसुटीत. टॉप गिअरात टाकून चालत्या माणसाच्या बरोबरीनं न्या, कुरकुर नाही. तिथूनच पेडल दाबलं तर तेवढ्याच शांतपणे चालायला लागणार. आवाज कसा, तर तीन घरं पलीकडे कुणी जात्यावर बसलंय. पेट्रोलात कुणी घासलेट मिसळलेलं असलं तर जरा खोकायची, पण घरी आणून सोडायची. बिघडलीच तर दाजी पान्हा आणि तारेचा तुकडा घेऊन खाली शिरत आणि पान खाऊन होईतो बाहेर येत.

माझी जर्मन तालेवाराघरची. झडपा डोक्यावर. प्रत्येक गोष्ट केसाइतकी मोजून बसवलेली, आणि तो केस जरा जाड निघाला की ही रुसलीच. पान्हेसुद्धा तिचे तिलाच लागायचे, दुसऱ्या गाडीचा एक चालेल तर शपथ. हळू चालवली तर तिच्यात जीव नसल्यासारखा वाटे. पण पेडल पार तळाला टेकवलं, की आतला कॉम्प्रेसर जागा व्हायचा. कॉम्प्रेसर म्हणजे इंजिनाला जोडलेला भाताच. लोहाराचा भाता कोळशाला वारा घालतो, तसा हा सिलिंडरांत हवा कोंबायचा. त्यासरशी गाडी अशी सुटायची की पाठ सीटला चिकटून बसे, आणि बॉनेटखालून शीळ निघे. शीळ कसली, घारीनं आभाळ फाडावं तसा आवाज. ज्या जर्मन व्यापाऱ्यानं मायदेशी परतताना पुण्यात ती गाडी मालकांना विकली, त्यानं मला बजावून सांगितलं होतं की कॉम्प्रेसर गरजेपुरताच वापरायचा, तोही थोडा वेळ, नाहीतर इंजिन भाजून निघेल. ‘गरजेपुरता’ एवढं मी नीट ऐकलं. गरज कशाला म्हणायचं ते त्यानं सांगितलं नव्हतं, म्हणून ते मी माझं ठरवलं.

पहिली गरज मला भोरच्या बाजाराच्या दिवशी भासली. चौकात ओळखीची बरीच तोंडं दिसली, आणि आपली गाडी नुसतीच पुढं जाणं मला प्रशस्त वाटेना. मी पाय टेकवला. शीळ निघाली आणि बाजारातले यच्चयावत बैल शेपट्या उभारून नदीच्या दिशेनं निघाले. एक गुळाची गाडी उलटली. एक म्हातारी कोंबड्यांची डाल उराशी धरून दत्ताच्या देवळात शिरली, ती मला बघून परत बाहेर यायला तयार होईना. संध्याकाळी दाजी ओट्यावर बसून माझी वाटच बघत होते.

“या मेव्हणं. आज बाजार लवकर उठला म्हनं?”

“दाजी, ताकद असली की आवाज होणारच.”

“व्हय तर. आमच्याकडं बी जर्मनचं पातेलं हाय. पडलं की लई आवाज करतंय.”

आमच्याकडं ॲल्युमिनियमच्या भांड्याला जर्मनचं भांडं म्हणतात, आणि दाजींना ही गोष्ट देवानंच सुचवलेली असावी, कारण पुढं वर्षभर त्यांनी त्या पातेल्याला विश्रांती दिली नाही.

दुसरी गरज याहून देखणी. मालकांना गुंजवण्याला सोडून मी एकटाच परतत होतो. चढ आला, बघायला चिटपाखरू नव्हतं, तरी मी कॉम्प्रेसर वाजवला. स्वतःला दाखवायला म्हणा. वाजवतच राहिलो. रेडिएटर उकळून टोपणातून वाफ उडाली. मी ओढ्यातून टोपीनं पाणी आणून भरलं आणि ऐटीत घरी आलो. सकाळी गाडी दोन फर्लांग जाते न जाते तोच पुन्हा उकळायला लागली. दाजींनी रेडिएटरची खालची तोटी सोडली. तिच्यातून पाण्याबरोबर बोटाएवढ्या मळ्या, म्हणजे ओढ्यातली बारकी मासळी, बाहेर आल्या, एकामागून एक, चांगल्या शिजलेल्या. दाजींनी त्या थाळीत गोळा केल्या आणि आक्कापुढं नेऊन ठेवल्या.

“तुझ्या भावानं कालवण करून आणलंय. मीठ तेवढं घाल.”

आता माझी बाजू अशी पडल्यावर माणसानं गप्प बसावं. मी वाद वाढवला. पंगतीत वाढवला, तालमीत वाढवला, मालक मागच्या सीटवर बसलेले असताना वाढवला. अमेरिकन इंजिन म्हणजे रताळ्याचं पोतं, असं मी म्हणे. जर्मन इंजिन म्हणजे नवसाचं पोर, शिंकलं की घर जागं, असं दाजी म्हणत. दोन्ही गाड्या एका वेळी निघाल्या तर आम्ही खिडकीतून एकमेकांना ऐकवत जात असू. एकदा मालक पुण्याहून पाहुणे घेऊन आले, तर फाटकात आम्ही दोघं बॉनेटं उघडून उभे, आणि पाहुण्यांनी कुठलं इंजिन सरस ते सांगितल्याशिवाय त्यांचं सामान उतरवायला कुणी तयार नाही.

त्या संध्याकाळी मालकांनी आम्हां दोघांना बोलावलं. शांत माणूस. आवाज चढवला असता तर बरं वाटलं असतं.

“मला मोटारींचा कंटाळा आलेला नाही,” ते म्हणाले. “तुम्हां दोघांचा आलाय. तुमच्या इंजिनांपेक्षा तुमच्या तोंडांचा आवाज मोठा. यापुढं एकच गाडी ठेवणार. दुसरी पुण्याला विकून टाकणार, आणि तिच्याबरोबर तिच्या ड्रायव्हरलाही रजा.”

“कंची ठेवनार, मालक?” दाजींनी विचारलं.

“तुम्हांला ठरवायची एवढी हौस आहे, तर ठरवूच. जत्रेला दोन्ही गाड्या घेऊन चला. कारभारी सांगतील ती राहील.”

कारभारी म्हणजे मालकांची मार्गासनीकडची शेती बघणारा म्हातारा. बैलांचा पारखी म्हणून वेल्ह्यापर्यंत त्याची ख्याती, आणि ती ख्याती पसरवायचं कामही तो स्वतःच करायचा. मोटारीत तो जन्मात बसला नव्हता. बसायचं ते आजाऱ्यानं, असं त्याचं मत.

घरी आल्यावर आक्कानं ऐकलं आणि तवा खाली ठेवला.

“म्हंजे एक जन ऱ्हानार आन् एक जन घरी बसनार. कोन बी जिंकू द्या, बसनार माझ्याच चुलीपुढं!”

“आपली राहील गं,” मी म्हणालो.

“आपली म्हंजी कंची?” दाजींनी विचारलं.

आक्कानं तवा पुन्हा चुलीवर चढवला. मग म्हणाली, “जत्रंला मी बैलगाडीनं येनार. तुमच्या एकाच्या बी गाडीत पाय ठेवनार न्हाई.” आणि शेजारच्यांच्या बैलगाडीनं ती आदल्या दिवशीच निघून गेली. त्या रात्री आम्ही दोघं आपापली भाकरी आपापल्या हातानं करपवून जेवलो. कुणाची कमी करपली यावरही बोललो नाही, म्हणजे प्रकरण किती गंभीर होतं ते कळेल.

कारण आतून मी घाबरलो होतो. मला दुसरं काही येत नव्हतं. शेतात मी कुळवापेक्षा वाकडा चालायचो. आणि दाजींना तर घर चालवायचं. जर्मन राहिली तर ते बसणार, अमेरिकन राहिली तर मी. आणि तरीही, खरं सांगतो, सकाळी पॉलिश मारताना माझ्या मनात एकच होतं: आज वाजवायची.

जत्रा चैत्रातली. मार्गासनीच्या पुढं माळावर देवीचं ठाणं, त्याच्या अंगाला एक चढ, चढाच्या माथ्यावर निशाण, आणि चढाच्या एका बाजूला भाताची खाचरं. पिकं निघून गेलेली, जमीन वरून वाळून भेगाळलेली. आम्ही पोचलो तेव्हा बैलांचा बाजार भरात होता. कुणी परगावचा व्यापारी एका शेतकऱ्याच्या जोडीतला तांबडा बैल मागत होता, आणि शेतकरी मान हलवत होता.

“एक कसा दिऊ? गुलालाची जोडी हाय.”

व्यापारी भाव वाढवायला लागला तसे कारभारी मध्ये पडले. “आवो पावणं, कुठनं आलात? ह्या खोऱ्यात गुलाल लागल्याली जोडी फोडत न्हाईत. जत्रंत गाडा वर नेल्याली जनावरं ती. ऱ्हायली तर दोनी, गेली तर दोनी. चला, फुडं व्हा!”

व्यापारी पुढं झाला. मी ते ऐकलं आणि विसरून गेलो. माझं लक्ष कारभारी आता माझ्या गाडीकडं कसे बघतात त्याकडं.

ते बघत होते ते बैलाला बघावं तसंच. दोन्ही गाड्यांना एक-एक फेरी घातली. दिव्यांवरून हात फिरवला. चाकाला लाथ मारली आणि गाडी अंग चोरते का ते बघितलं. मग म्हणाले, “दात दावा.”

आम्ही बॉनेटं उघडली.

“वय?”

“कारभारी, इंजिनाला वय नसतं, ताकद असते,” मी म्हणालो. “सडकेवर चला, दाखवतो. वाऱ्यासारखी पळते.”

“पळतंय कोन ते कुनाला बी दिसतं,” कारभारी म्हणाले. “सश्याला बी पळता येतं. उभ्या जाग्यावरनं वज्जं कोन उचलतंय, ती पारख. बांधल्या चाकाचा गाडा आना रं!”

बांधल्या चाकाचा गाडा म्हणजे तिथला जुना रिवाज. बैलगाडीत दगड भरायचे, चाकं दोरखंडांनी आवळून टाकायची, म्हणजे फिरायला नकोत, आणि तशी ती बैलांनी उभ्या जागेवरून ओढत चढावर निशाणापर्यंत न्यायची. जगात मोटारीची इंजिनं तपासायच्या नाना तऱ्हा असतील, जर्मन लोक तर यंत्रावर बसवून तपासतात म्हणे, पण हा प्रकार कुठल्या कारखान्यात सुचला नसेल. मी मालकांकडं बघितलं. मालक खुर्चीत बसून उसाचा रस पीत होते. “कारभारी सांगतील तसं,” ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले.

पहिली पाळी दाजींची. त्यांनी दोरखंड बांधला, पहिल्या गिअरात टाकली आणि क्लच इतक्या हलक्या पायानं सोडला की गाडा कधी हलला ते कळलंच नाही. इंजिनाचा आवाज वाढलासुद्धा नाही, जातं आणखी थोडं जड झालं एवढंच. मागं जमिनीला चर पडत गेला, आणि अमेरिकन निशाणापाशी जाऊन उभी राहिली. माणसांनी ओरडून माळ डोक्यावर घेतला. दाजी खाली उतरले, धोतराचा सोगा झटकला आणि माझ्याकडं बघितलं नाही. बघितलं असतं तर परवडलं असतं.

गाडा खाली आणला. माझी पाळी. मी पहिल्यानं दाजींसारखंच करायचं ठरवलं, आणि गाडी हुंदका देऊन बंद पडली. इंजिनाच्या फेऱ्या कमी असताना तिच्यात ताकद नव्हतीच, ती सगळी वरच्या मजल्यावर राहायला. गर्दीतून कुणी म्हणालं, “बसला वो बैल!” पुन्हा चालू केली, पुन्हा बसली. मालक रसाच्या पेल्यात बघायला लागले. आणि मग मला माझी गरज भासली.

पेडल तळाला टेकलं. शीळ निघाली. त्या खोऱ्यानं तोवर असा आवाज ऐकलेला नव्हता. जत्रेतल्या बैलांनी दावी तोडली, धनगरांची मेंढरं डोंगराच्या दिशेनं पांगली, ताशेवाला ताशा टाकून पळाला. गाडी मात्र जागची हलेना. मागची चाकं माती उडवत नुसती गरगरली, मग गाडी तिरकी झाली, चढावरून आडवी घसरली आणि शेजारच्या खाचरात उतरली. खाचर वरून वाळलेलं होतं. आत मात्र झऱ्याचं पाणी धरून होतं, ही गोष्ट तिथल्या तान्ह्या पोरालाही ठाऊक, मला सोडून. वरचा पापुद्रा फुटला आणि माझी जर्मन, डोक्यावर झडपा असलेली, केसाइतकी मोजलेली, कण्यापर्यंत चिखलात बसली. मागं तो दगडांचा गाडा तसाच बांधलेला.

तेवढ्यात गर्दीतून आक्काचा आवाज आला, “मेल्या, आता तरी पाय उचल!”

मी पाय उचलला.

कारभारी खाचराच्या बांधावर उभे राहिले. “बुजरी हाय. म्या बगताच वळखलं हुतं. चार बैल आना रं, काडू भाईर.”

दोन शेतकरी पांगलेल्यांतले चार बैल धरून हसत हसत जू घेऊन आले. मला वाटलं, धरणीनं अर्ध्या गाडीवर का थांबावं, मलाही पोटात घ्यावं. उद्या भोरात, परवा पुण्यात, सगळीकडं एकच: त्याची जर्मन बैलांनी ओढून काढली.

“थांबा,” दाजी म्हणाले.

ते चढावरून खाली येत होते. त्यांनी बैलांपुढं हात आडवा धरला.

“माज्या मेव्हण्याच्या गाडीला बैल लागनार न्हाईत. म्या हाय की.”

“आरं, तू जिकलास!” कारभारी म्हणाले. “तुजी गाडी वर उभी हाय. कशापायी चिखलात आनतोस?”

“जिकलो तर जिकलो. पर बैल न्हाई.”

एक वर्षभर मी ज्या इंजिनाला रताळ्याचं पोतं म्हटलं होतं ते चढावरून उलटं खाली आलं आणि खाचराच्या कडेला, घट्ट जमिनीवर उभं राहिलं. दाजींनी तिथून दुसरा दोरखंड माझ्या गाडीच्या नाकाला बांधला. मागचा गाडा सोडायचं आम्ही बघितलं, पण गाठ चिखलाखाली गेली होती आणि ताणून दगड झाली होती. जत्रेचा दोरखंड कापू द्यायला कारभारी तयार नव्हते. “ऱ्हाऊ द्या गाडा,” दाजी म्हणाले. मग ते माझ्या खिडकीशी आले. चिखलात गुडघ्यापर्यंत.

“मेव्हणं, ऐकायचं. जिवात जीव असंल तर एकदा ऐकायचं. म्या उचलतो. तुमी नुसती चालू ठेवायची, हळू. आवाज काडायचा न्हाई. चाकाला घट्ट भुई लागली की म्या हात वर करीन. तवर दाबलं तर बगा, तुमच्या आक्काच्या ताब्यात दीन.”

“आणि हात वर केल्यावर?”

“मग वाजवा की तुमचं पातेलं. किती दम हाय बगू.”

जातं सुरू झालं. दोरखंड ताणला, थरथरला. अमेरिकन इंजिन त्या दिवशी मी पहिल्यांदा ऐकलं असं म्हणायला हवं, कारण एरवी मी तिच्यावर बोलतच असे. तिनं ओझं अंगावर घेतलं आणि तिच्या आवाजात राग नव्हता, घाई नव्हती. कितीही लागलं तरी आणखी आहे, एवढंच होतं. माझी गाडी चिखलातून एक बोटभर वर आली. मग वीतभर. माझा पाय पेडलवर खाजत होता. मी तो तसाच धरला. आयुष्यात मी इतकं जड काही उचललेलं नाही. पुढची चाकं कडेवर चढली. मागची चढताना गाडी कलली, दोरखंड कुरकुरला, अमेरिकन पहिल्यांदाच दमलीशी वाटली, तिची चाकं मातीत सरकायला लागली. आणि माझ्या मागच्या चाकांना खालून खडक लागल्याचं मला बुडाखाली कळलं.

दाजींचा हात वर गेला.

मी पाय तळाला टेकवला.

या वेळी चाकं गरगरली नाहीत. शीळ निघाली आणि तिच्याबरोबर गाडीही निघाली, मागचा दगडांचा गाडा बांध फोडत वर आला, दोरखंड ढिला पडला, आणि आम्ही तिघं, म्हणजे अमेरिकन, जर्मन आणि गाडा, त्या चढावर असे सुटलो की माणसं दोन्ही बाजूंनी धावायला लागली. वर पोचेतो मला थांबायचं भान राहिलं नाही. निशाणापाशी दाजींनी ब्रेक लावला आणि मी त्यांच्या गाडीला मागून धडक दिली. त्या गाडीच्या पाठीला पडलेला पोचा पुढं कुणी काढला नाही. मला तो बघायला आवडायचा.

ताशेवाला परत आला होता. त्यानं ताशा बडवायला सुरुवात केली. लोकांनी आम्हां दोघांना गाड्यांतून ओढून काढलं आणि आम्ही कुणाच्या तरी खांद्यांवर गेलो. मी चिखलानं असा माखलो होतो की ज्याच्या खांद्यावर होतो तो मला शिव्या देत नाचत होता. खाली आक्का पदर तोंडाला लावून उभी. ती हसत होती की रडत होती ते मी विचारलं नाही, कारण कुठल्याही उत्तरानंतर मार होता.

मग कारभारी गुलालाचं ताट घेऊन आले. गर्दी मागं हटली. त्यांनी मूठ भरली आणि अमेरिकन गाडीच्या कपाळाला, म्हणजे रेडिएटरच्या वर, गुलाल फासला. खांद्यांवरून उतरल्याबरोबर मला आठवलं होतं की मी हरलोय. आणि तेवढ्यात कारभाऱ्यांनी दुसरी मूठ भरली आणि माझ्या जर्मनच्या चिखलानं भरलेल्या कपाळावर तेवढाच गुलाल फासला.

“कारभारी,” मालक म्हणाले, “एक निवडायची होती.”

“मालक, मला मोटारीतलं काय कळतंय?” कारभारी म्हणाले. एवढ्या वर्षांत हे वाक्य त्यांच्या तोंडून कुणी ऐकलं नव्हतं, आणि ते बोलून संपायच्या आत त्यांनी मागंही घेतलं. “पर जनावर कळतंय. एक बैल थंड आन् भारदस्त, दुसरा तापट. तापट एकला सोडला तर चिखलात जातो. थंड एकला सोडला तर सांजच्याला घरी येतो. दोनी एका दोरीला लावलं तर गाडा वर जातो. मी बगितलं, ह्या सगळ्यांनी बगितलं. एका दोरीनं बांधल्या चाकाचा गाडा निशानाला आनला. जोडी झाली, गुलाल लागला. आता तुमी फोडनार आसाल तर फोडा.”

सगळी जत्रा मालकांकडं बघायला लागली. मघाचा तो परगावचा व्यापारीसुद्धा, आणि तो तर मोठ्या आशेनं. मालकांनी एकदा दोन्ही गाड्यांकडं बघितलं, एकदा आम्हां दोघांकडं. मी तोंड उघडणार होतो. दाजींनी माझ्या पायावर पाय दिला.

“फोडतोय कसली,” मालक म्हणाले. “खोऱ्याबाहेर घालवतील मला. पण एक अट. यापुढं मोटारीत बसून भांडायचं नाही. भांडायचं असेल तर घरी जाऊन भांडा.”

“घरी माझ्याकडनं परवानगी न्हाई,” आक्का मागून म्हणाली.

मग आक्कानं बैलगाडीवाल्या शेजाऱ्यांना हात केला आणि ती मोटारीकडं वळली. कुठल्या, ते बघायला आम्ही दोघंही थांबलो. ती दाजींच्या गाडीत मालकांच्या पुढच्या सीटवर बसली, आणि नसरापूरला आल्यावर गाडी थांबवायला लावून माझ्या गाडीत आली. “अर्धी वाट हिकडं, अर्धी तिकडं,” म्हणाली. “आता चल. आन् गपगुमान.”

पुणे-सातारा सडकेला लागल्यावर दाजींनी गाडी बाजूला घेतली, हात बाहेर काढला आणि मला पुढं जायची खूण केली. आक्का माझ्याकडं बघून म्हणाली, “त्येंनी हात वर केला की रं. वाजव की.”

आक्का मला वाजव म्हणेल असं जन्मात वाटलं नव्हतं. मी पाय टेकवला. कॉम्प्रेसर ओरडला आणि त्याच्या वरच्या पट्टीत आक्का ओरडली. सुरुवातीची किंकाळी भीतीची होती, नंतरच्या नव्हत्या. “आनकी! आनकी!” म्हणत ती दाराच्या कडीला धरून उभी राहायला बघत होती. पदर मागं निशाणासारखा. गाडीच्या कपाळावर गुलाल, वाळलेल्या चिखलाचे पापुद्रे बॉनेटवरून उडून जाताहेत, समोर मोकळी सडक. झाडं दोन्ही बाजूंनी मागं पळत होती. मी गात होतो. काय गात होतो ते इंजिनामुळं मलाही ऐकू येत नव्हतं.

पुढं घरं दिसली तेव्हा मी पाय उचलला. आक्कानं पदर सावरला आणि बाहेर बघितलं.

“हे कुठलं गाव?”

ती किकवी होती. भोरचा फाटा कापूरहोळला, आणि कापूरहोळ आम्ही कधी ओलांडलं ते आम्हां दोघांपैकी कुणालाही कळलं नव्हतं. किकवीच्या एका म्हाताऱ्यानं गुलालानं भरलेली गाडी आणि चिखलानं भरलेला ड्रायव्हर बघून विचारलं, लग्न कुणाचं?

आम्ही परत फिरलो. घरी पोचलो तेव्हा अमेरिकन गाडी फाटकात केव्हाची गार होऊन उभी होती. दाजी आंघोळ करून ओट्यावर बसले होते, बशीतला चहा निम्मा प्यालेले.

“या मेव्हणं,” ते म्हणाले. “कोन जिकलं?”

मी उत्तर द्यायच्या आत आक्का गाडीतून उतरली, केस आवरत दारापर्यंत गेली आणि मागं वळून म्हणाली, “आवो, उद्या मला पुन्यांदा किकवीला जायाचंय.”